कॉलेज स्टेशनला येताय? लीजवर सही करण्याआधी हे वाचा

आय-ट्वेंटी (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद), व्हिसा, बॅगेचं वजन, कुकर न्यावा की नाही, यावर सल्ले देणारे तुम्हांला भेटलेच असतील. ते सगळं मी पुन्हा सांगत नाही. (कुकर न्या.) मी लिहितेय ते घराबद्दल आणि त्याच्या लीजबद्दल, म्हणजे भाडेकराराबद्दल. माझं टेक्सासमधलं पहिलं वर्ष अभ्यासानं नाही, घरानं खाल्लं. त्या वर्षातल्या काही ईमेल आजही उघडायला नको वाटतात.

आधी कॉलेज स्टेशन हे टेक्सासमधलं विद्यापीठाचं गाव कशावर चालतं ते बघा. १८७६ साली इथे कॉलेज सुरू झालं तेव्हा गाव नव्हतंच. माळरानावर रेल्वेचा एक थांबा होता, कॉलेजसाठी उतरायचं स्टेशन, तेच पुढे नाव झालं. नगरपालिका आली १९३८ साली. १९४० च्या जनगणनेत इथे दोन हजारांच्या आसपास माणसं होती, २०२० मध्ये १,२०,५११. शेजारचं ब्रायन जुनं, आणि आता दोन्ही गावं एकमेकांना इतकी चिकटलीत की हद्द कुठे संपते ते पाटी बघूनच कळतं. त्या कॉलेजचं आता टेक्सास ए अँड एम विद्यापीठ झालंय, त्याचे विद्यार्थी सत्तर हजारांच्या वर. पंढरपूर जसं वारीवर चालतं तसं हे गाव सेमिस्टरवर चालतं. दिंड्या ऑगस्टमध्ये येतात आणि मे महिन्यात परततात. भाडं, लीज, जुने सोफे, सायकली, सगळ्यांचा भाव या येण्याजाण्यावर ठरतो. मला हे कळलं तेव्हा मे उजाडला होता.

आता माझी फजिती.

आम्ही चौघी. मी कराडची, एक पुण्याची, दोघी आंध्रच्या. ओळख व्हॉट्सअ‍ॅपवर झालेली, प्रत्यक्ष कोणी कोणाला पाहिलेलं नाही. एका सिनियरनं सांगितलं, दोन बेडरूमचं अपार्टमेंट घ्या, भाडं १,२८० डॉलर, प्रत्येकी ३२० पडतील, बसथांबा समोर आहे, उशीर केलात तर हातचं जाईल. आम्ही भारतात बसून, रात्री साडेअकरा वाजता, मोबाइलवर बोटानं सह्या केल्या. ती लीज चाळीसेक पानांची होती. मी पहिलं आणि शेवटचं पान वाचलं.

मधल्या पानांत एक वाक्य होतं, की सगळ्या भाडेकरू 'जॉइंटली अँड सेव्हरली' जबाबदार आहेत. हे मी जरा ताणून सांगते, कंटाळा आला तरी वाचा. आपण धरून चालतो की माझे ३२० माझे आणि तिचे ३२० तिचे. तसं नसतं. ऑफिसच्या वहीत चार भाडेकरू नसतात, एक घर असतं आणि त्याचे १,२८०. ते कोणाकडून येतात याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. तिघींनी आपापले ३२० वेळेवर भरले आणि चौथीनं नाही भरले, तर थकबाकीदार चौघी. उशिराचा दंड चौघींच्या नावावर. नोटीस लागली तर दारावर चौघींच्या नावानं. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहून पोळलेला एक काका प्रत्येक घरात असतो. आमच्याकडेही आहे, आणि त्याच्या हप्त्यांवरून झालेली भांडणं ऐकतच मी लहानाची मोठी झाले. तरी मी सही केली, कारण त्या कागदावर 'जामीन' हा शब्द कुठेच नव्हता.

डिसेंबरमध्ये आमच्यातली एक दुसऱ्या विद्यापीठात गेली. तिची अडचण खरी होती, तिला दोष देऊन झालाय माझा. जानेवारीपासून आम्ही तिघी प्रत्येकी ४२७ भरू लागलो. माझ्यासाठी वरचे १०७ म्हणजे महिन्याचा किराणा. विद्यार्थ्यांच्या एफ-वन व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीसच तास काम करता येतं, त्यामुळे जास्त राबून भरून काढू हा मार्गही बंद. ऑफिसात गेलो तर बाई गोड हसून म्हणाल्या, "हाउडी!" आणि मग सांगितलं की हा तुमचा आपसातला प्रश्न आहे.

आणि इथे दुसरा खड्डा. 'री-लेटिंग फी' नावाचा प्रकार असतो, मुदतीआधी लीज सोडणाऱ्याकडून घेतात ती. टेक्सासमधल्या नेहमीच्या छापील लीजमध्ये ती एका महिन्याच्या भाड्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत असते. आम्हांला वाटलं, ही भरली की तिची जागा सुटली. नाही. ती फी म्हणजे नवा भाडेकरू शोधायच्या खर्चाची भरपाई, सुटकेची किंमत नव्हे. ती भरूनही उरलेलं भाडं अंगावर राहतं, दुसरं कोणी येईपर्यंत. मालकानं रिकामी जागा भरण्याचा वाजवी प्रयत्न केला पाहिजे असा टेक्सासचा कायदा आहे खरा. पण आमची जागा रिकामी कुठे होती? आम्ही तिघी होतो ना आत.

मग सबलीज करू म्हटलं, म्हणजे तिची जागा उरलेल्या महिन्यांसाठी आपणच दुसऱ्या कोणाला भाड्यानं द्यायची. वारीचा हिशेब इथे लागतो. जानेवारीत या गावात घर शोधणारी माणसं मोजकी, कारण सगळे ऑगस्टमध्येच बसलेले. आणि मे लागला की अख्खं गाव सबलीज विकायला उभं. पदवी संपलेले, इंटर्नशिपला निघालेले, घरी चाललेले. लीज मात्र जुलैअखेरपर्यंत. विकणारे हजारो, घेणारा कोणी नाही. लोक निम्म्या भाड्यात देत होते आणि वर सायकल फुकट. आम्हांला जून-जुलैसाठी एक मुलगी मिळाली, १५० डॉलरवर, आणि आम्ही त्या रात्री चक्क शिरा केला.

म्हणून 'इंडिव्हिज्युअल लीज' मागा. खोलीगणिक वेगळी लीज, तुमची जबाबदारी तुमच्या दारापाशी थांबते. महिन्याला पन्नास-शंभर डॉलर जास्त पडले तरी द्या. "आपण सगळे चांगले लोक आहोत, काही होत नाही," असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आम्हीही चांगलेच लोक होतो.

सिनियरांबद्दल माझं मत थोडं वाकडं आहे, ते सांगून टाकते. ते विमानतळावर घ्यायला येतात, पहिल्या रात्री जेवू घालतात, देव त्यांचं भलं करो. पण लीजबाबत त्यांचं ऐकू नका. त्यांचं काही बिघडलं नाही एवढाच त्यांचा अनुभव असतो. शिवाय काही अपार्टमेंटवाले नवा भाडेकरू आणणाऱ्याला बक्षीस देतात. आमच्या सिनियरला ते मिळालं होतं, हे मला दोन वर्षांनी कळलं. मोफत विचारायचं असेल तर विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी वकील आहेत. सहीच्या आधी जा. नंतर गेलात तर तेही फक्त मान हलवतात. (मी नंतर गेले होते.)

बाकी भराभर. ह्यूस्टनमधले नातेवाईक सांगतील की विजेची कंपनी घासाघीस करून निवड. इथे ते नाही, कॉलेज स्टेशनची वीज शहराचीच आणि ब्रायनची ब्रायनची, निवडीला वाव नाही. एसीच्या बिलाला घाबरा. पुढच्या ऑगस्टची घरं आदल्या हिवाळ्याआधीच दाखवायला लागतात, त्या घाईला घाबरू नका, जुलैतही घरं मिळतात. जुनी लीज संपणं आणि नवी सुरू होणं यात बरेचदा दोनेक आठवडे जातात, तेव्हा कोणाच्या हॉलमध्ये झोपायचं ते आधी ठरवा. त्याच आठवड्यांत कचराकुंड्यांपाशी अभ्यासाची टेबलं, दिवे, कपाटं पडलेली असतात, बिनधास्त उचला. गादी उचलू नका. ढेकूण. फुटबॉलच्या शनिवारी एक लाखावर माणसं बसणारं काइल फील्ड स्टेडियम भरतं, तेव्हा किराणा शुक्रवारीच आणा. डिपॉझिट परत हवं असेल तर नवा पत्ता लेखी द्या, घर सोडल्यापासून तीस दिवसांत मालकानं पैसे किंवा कपातीचा हिशेब द्यायचा असतो. तोंडी सांगितलेला पत्ता धरत नाहीत.

जुन्या वस्तीतलं घर घ्याल तर शेजारी आजोबा लॉनवरून तुमच्या गाड्या मोजतील. रागावू नका. साध्या कुटुंबांच्या गल्लीत भाड्यासाठीच बांधलेल्या घरांना इथे 'अ‍ॅगी शॅक' म्हणतात (अ‍ॅगी म्हणजे ए अँड एमचे विद्यार्थी), आणि एका घरात चारपेक्षा जास्त बिननात्याची माणसं नकोत यावरून इथे वर्षानुवर्षं भांडणं झाली आहेत. त्यांचंही गाव आहे ते. आमच्या मागच्या गल्लीतल्या अशाच एका आजींनी मला थंडीत कोट दिला होता, आणि कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवल्याबद्दल त्याच आठवड्यात झापलंही होतं.

त्या फेब्रुवारीत एका मंगळवारी मी लायब्ररीतून निघाले, डोक्यात १०७ डॉलर. बाहेर कॅम्पसचे दिवे बंद. शेकडो मुलं अंधारात उभी, कोणी चकार शब्द बोलत नव्हतं. बंदुकांच्या फैरी, मग वरून बिगुल. सिल्व्हर टॅप्स. शिकत असताना गेलेल्या विद्यार्थ्यासाठी महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सगळे असे उभे राहतात. मला गेलेल्या मुलाचं नावही ठाऊक नव्हतं. तरी मी थांबले, आणि घरी जाऊन पहिल्यांदा आईला भाड्याचं खरं सांगितलं. ती ओरडली नाही. काकाला फोन दिला. तो म्हणाला, "किती हप्ते राहिले?"

सहा राहिले होते. भरले. डिपॉझिटमधून थोडं परत आलं, चौथीकडून काहीच नाही. ती जाताना घाईत तिचा कुकर आमच्या ओट्यावर विसरली. तो अजून माझ्याकडे आहे. शिट्टी तिच्या सामानात गेली.