भात कापलं की त्याच ओलीवर पेरा: मुळशी, वेल्हे, भोर, मावळच्या खोऱ्यांसाठी सल्ला

मुळशीतल्या ताम्हिणी घाटाच्या माथ्यावर पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस जातो, पुणे शहरात जेमतेम सातशेच्या आसपास. तरी उन्हाळ्यात टँकरची वाट आपल्या खोऱ्यांनाच पाहावी लागते. उतार तीव्र, माती पातळ. पाणी थेट धरणात जातं. म्हणून भातकापणीनंतर खाचरात उरलेली ओल हेच आपलं रब्बीचं भांडवल आहे.

वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेली इंद्रायणी ही भाताची जात १३५ ते १४० दिवसांत तयार होते. कापणीआधी आठ-दहा दिवस खाचरातलं पाणी काढून टाका. लोंबीतले नव्वद टक्के दाणे पिवळे झाले की कापा. दाणे पूर्ण कडक व्हायची वाट पाहिली तर भात लोळतं, गळतं आणि गिरणीत कणी जास्त पडते. परतीच्या पावसाची शक्यता असेल तर कापलेलं भात खाचरात पसरून ठेवू नका, बांधावर उचलून घ्या.

कापणी झाली की नांगर धरू नका. भाताच्या जमिनीत मोठाली ढेकळं निघतात आणि दोन-चार उन्हांत ओल उडून जाते. धसकटांच्या ओळींमध्ये सरळ हरभरा, मसूर किंवा वाल टोकून द्या. हरभऱ्याचं बी काही तास भिजवून सावलीत सुकवा, किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळा, मग दहा किलोला २५० ग्रॅम रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला देणारे जिवाणू) लावा. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा ओलांडू नका. उशिरा पेरलेल्या पिकाचे घाटे भरताना जमीन कोरडी पडलेली असते. जिथे पाझर फुटतो त्या खाचरात हरभरा नको, मर रोग लागतो आणि झाडं वाळतात.

जागा निवडताना थंडीचाही विचार करा. रात्री गार हवा जड होऊन डोंगरावरून खाली उतरते आणि नदीकाठच्या सपाटीत साचते. डिसेंबर-जानेवारीत तळाच्या शेतात धुकं आणि दव उशिरापर्यंत टिकतं, मधल्या उतारावर मात्र ऊब असते. टोमॅटो, घेवडा असा नाजूक भाजीपाला मधल्या टप्प्यावरच घ्या. फवारणी दव सुकल्यावरच करा. हरभरा फुलोऱ्यात आला की पाच टक्के निंबोळी अर्क फवारा आणि घाटे अळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावा.

सगळ्यात मोठी अडचण मोकाट गुरांची. कापणी झाली की गुरं सोडायची रीत आहे, आणि एकट्यादुकट्याचा हिरवा तुकडा आठ दिवसांत फस्त होतो. कापणीला हात घालण्याआधीच वाडीची बैठक घ्या. लागून असलेली खाचरं एकत्र पेरायची ठरवा, राखणीच्या पाळ्या लावा आणि गुरांसाठी वरचा माळ मोकळा ठेवा.