शेत घेतलंत, आता शिकारीचं आधी वाचा

सातबाऱ्यावर नाव चढलं की पुण्या-साताऱ्याकडून इकडे विदर्भात आलेली मंडळी आठवडाभरात विचारतात, "आपल्याच तुरीत घुसलेलं डुक्कर मारलं तर चालतं ना?" नाही चालत. शेत तुमचं असो, गायरान असो की महसुलाचं झुडपी जंगल, शिकारबंदी सगळीकडे एकच. राखीव वनात तर वन कायद्याचा गुन्हा वेगळा लागतो. शिकारीचे परवाने देणारी वन्यजीव कायद्यातली कलमं 1991 च्या दुरुस्तीतच गेली. त्यामुळे आजोबांच्या परवान्याच्या गोष्टी इथे सांगत बसू नका.

1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. फास लावणं, विष घालणं, आमिष ठेवणं, कुत्रे सोडून पाठलाग करणं, तितराची अंडी उचलणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. नुसता प्रयत्नही पुरतो. गावात कोणी आपुलकीने डब्यातून रानचं मटण आणलं तर हात जोडा आणि डबा परत करा. घरात मांस सापडलं तर ते कायदेशीर असल्याचं तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.

पीक खरंच उद्ध्वस्त होत असेल तर वाट याच कायद्याच्या कलम 11 ची, म्हणजे प्राणी मारायची परवानगी मागण्याची. सातबारा, गट नंबर, पीक आणि तारखेसह फोटो जोडून वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. परवानगी लेखी आणि कारणांसहच असते. कोणता प्राणी, कुठे, कधीपर्यंत, कोणी मारायचा, हे आदेशात शब्दन् शब्द वाचा, कारण त्याबाहेर जे कराल ती शिकार. मेलेलं डुक्कर शासनाचं, तुमच्या चुलीवरचं नाही. नुकसानभरपाईचा अर्ज वेगळा. नुकसान दिसलं त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा आणि पंचनाम्याआधी शेत आवरू नका.

आता कुंपणाच्या तारेतला करंट. बाकी काही विसरलात तरी हे विसरू नका. झटका मशीन 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतं आणि तारेत थांबून थांबून झटका सोडतं. डुक्कर दचकून मागे फिरतं, मरत नाही. पावसाळ्यात गवत वाढून खालच्या तारेला टेकतं, झटका गळतो, मग कोणीतरी म्हणतो, "भाऊ, मशीन कामाची नाही, थेट लाइन जोडू." तिथेच घात होतो. त्या तारेत डुक्कर मरतं, वाघ मरतो, पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही मरतो. आकडा टाकला असेल तर वीजचोरी, माणूस गेला तर सदोष मनुष्यवधापर्यंत प्रकरण जातं. खालच्या तारेखालचं गवत दर पंधरा दिवसांनी कापा, उन्हाळ्यात अर्थिंगच्या सळईपाशी पाणी घाला, तडकलेले इन्सुलेटर बदला. मशीन चालतं.

आपल्यातले निम्मे लोक शेत ठेक्याने देऊन शहरात बसतात. तार ठेकेदाराने लावली तरी चौकशी सातबाऱ्यावरच्या नावापासून सुरू होते. करारनाम्यात एक ओळ घालाच: करंट, फास, विष, गावठी बॉम्ब लावणार नाही. आणि महिन्यातून एकदा स्वतः धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चक्कर मारा. क्लच वायरचा फास उभं राहून दिसत नाही, बसून पाहावं लागतं.

शिक्षा: रानडुकरासारख्या, कायद्याच्या अनुसूची दोनमधल्या (दुसऱ्या यादीतल्या) प्राण्यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वाघ, बिबट, मोर, घोरपड किंवा अभयारण्याच्या आतली शिकार असेल तर किमान 3 आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद आणि किमान 25 हजार दंड. वापरलेली गाडीही सरकारजमा होऊ शकते.

बंदुकीचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडे. अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय नवा परवाना मिळत नाही. जुना असेल तर त्यांच्याकडे नोंद लागते. परवाना मिळाला म्हणून डुकरावर गोळी झाडता येते असं नाही.

शेतात मेलेला प्राणी दिसला तर शिंग, दात, पीस, काही उचलू नका. वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा. काही चुकून ताब्यात आलंच तर 48 तासांत पोलीस ठाण्यात किंवा वन विभागाला कळवावं लागतं. पोरांनी दिवाणखान्यासाठी आणलेलं साळिंदराचं काटं त्यातच येतं.