पाठवणी आधी, अंतरपाट नंतर: फोटो लावताना या चुका टाळा

मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले. पहिल्याच फोटोत नवरी डोळे पुसत गाडीत बसतेय, मध्ये कुठेतरी अंतरपाट आणि शेवटी हळद! आत्याची कमेंट आली, "उलटं लग्न लावलंस की रे!"

गॅलरीत सगळ्यात नवा फोटो वर असतो. आपण वरून बोट लावत सुटतो आणि ॲप तोच क्रम धरतं. निवडताना फोटोवर १, २, ३ असे आकडे उमटतात, तिकडे कुणी बघतच नाही. म्हणून सुरुवात खालच्या, म्हणजे जुन्या फोटोपासून करा. तरी चुकलं, तर पोस्ट करण्याआधी फोटो दाबून धरा आणि हव्या त्या जागी सरकवा.

खरा घोळ होतो तो नातेवाइकांच्या फोटोंनी. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आला की तो काढल्याची वेळ त्यातून निघून जाते, आणि गॅलरीत तो तुमच्याकडे उतरला त्या वेळेला बसतो. काकांनी सीमांतपूजनाचे फोटो चार दिवसांनी पाठवले, की ते पाठवणीच्याही पुढे! त्यांना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. फोटोग्राफरकडे दोन कॅमेरे असतील तर दोन्हींची घड्याळं जुळवलीत का, तेही लग्नाच्या सकाळीच विचारून घ्या. नाहीतर एका कॅमेऱ्यात मंगलाष्टकं चालू आणि दुसऱ्यात पंगत.

पहिला फोटो निवडताना त्याचं मापही बघा. इन्स्टाग्रामवर पुढचे सगळे त्याच मापात कापले जातात. आडवा ग्रुप फोटो पहिला लावलात, तर उभ्या फोटोतल्या नवरदेवाचा फेटा गेलाच म्हणून समजा. दुसरा फोटोही भरतीचा नको. पोस्टमधले फोटो बाजूला न सरकवता पुढे गेलेल्यांना कधीकधी ती पोस्ट पुन्हा दिसते, तेव्हा दुसराच फोटो समोर येतो.

फेसबुकवर फार तर पहिले पाच चौकोन दिसतात, बाकीचे '+१५' च्या आड. आजीचा फोटो तिथे गेला तर घरात ऐकून घ्यावं लागतं. (अनुभव आहे.) आणि २०२४ पासून इन्स्टाग्राम एका पोस्टमध्ये २० फोटो घेतं म्हणून जिलेबीच्या ताटाचे चार कोन टाकायलाच हवेत असं नाही.

नको असलेला एखादा फोटो पोस्ट केल्यावरही काढता येतो. अख्खी पोस्ट डिलीट करून नव्याने टाकली, तर लाइक-कमेंट जातात. मी माझी तशीच ठेवली. आत्याची कमेंट घालवायची नव्हती.