.२२ ची गोळी तपासताय? या चुका टाळा

"सर, ही गोळी माझ्या रायफलला चालत नाही." नेमबाजीच्या रेंजवर हे वाक्य सारखं कानावर पडतं. किती मारल्या विचारलं की उत्तर ठरलेलं: पाच. कशावर टेकवून? स्लिंग (हाताला आवळायचा पट्टा) लावून, प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून. वारा? "तेवढा नव्हता." एवढ्या भांडवलावर मुलं महागड्या गोळ्यांना पास-नापास करतात, आणि स्पर्धेत गुण गेले की कोचकडे बघतात.

स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, प्रोन आणि स्टँडिंग म्हणजे उभं राहून) ब्राँझ घेतलं, तेव्हापासून आमच्याकडे एअर रायफलवरून पॉइंट टू-टूकडे, म्हणजे .२२ इंची नळीच्या रायफलकडे, वळणाऱ्यांची गर्दी वाढली आहे. आनंद आहे. पण येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न "कोणत्या कंपनीची घेऊ?" हाच असतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

कंपनी तपासली, लॉट तपासलाच नाही

.२२ च्या रिमफायर काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. तो कडेभर सारखा बसला नाही की ज्वलन बदलतं, वेग बदलतो. मोठ्या बोअरवाले (जाड नळीच्या रायफलचे नेमबाज) आपली गोळी घरी वजन करून भरतात, आपल्याला ती सोय नाही. कारखान्यातून आली तशी मारायची. म्हणजे आपल्या हातात फक्त निवड उरते, आणि ही निवड कंपनीची नसते, लॉटची, म्हणजे एका खेपेत बनलेल्या गोळ्यांच्या गठ्ठ्याची, असते. एकाच नावाचे, एकाच रंगाच्या खोक्यातले दोन लॉट एकाच बॅरलमधून अगदी वेगळे पडू शकतात. एली कंपनीची बर्मिंगहॅमला आणि लापुआची जर्मनीत शोनेबेकला टेस्ट रेंज आहे ती याचसाठी. नेमबाज आपली रायफल घेऊन जातो, ती शिकंज्यात आवळतात, एकामागून एक लॉट मारून बघतात आणि जमेल तो लॉट तो विकत घेतो.

सांगलीकडचे एक बाप-लेक आमच्याकडे यायचे. पोरगा गुणी, वडील हौशी. मित्राकडून घेतलेल्या एका खोक्यावर पोराचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, असा पडला, की पाच गोळ्यांचं मिळून एकच भोक दिसत होतं. वडिलांनी ते टार्गेट लॅमिनेट करून पाकिटात ठेवलं. भेटेल त्याला दाखवायचे. मग त्याच कंपनीच्या, त्याच नावाच्या गोळ्या सीझनभर पुरतील इतक्या घेऊन टाकल्या.

राज्य स्पर्धेच्या तोंडावर पोराची कुरकुर सुरू झाली. कॉल (गोळी सोडताना स्वतः बांधलेला अंदाज) दहाचा, पडतंय नऊ. मग त्याने काय करावं? स्लिंग एक भोक घट्ट केली. हँडस्टॉप (पुढच्या हाताचा अडसर) पुढे सरकवला. बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) वर घेतली, पुन्हा खाली आणली. मेहनतीने बसवलेली पोझिशन पार मोडून ठेवली. शेवटी रायफल त्याच्या हातातून काढून बेंचवर ठेवली, पुढे रेस्ट, मागे वाळूची पिशवी, आणि त्याच गोळ्या मारल्या. ग्रुप उभा पसरला, वरची गोळी एकीकडे, खालची पार दुसऱ्या टोकाला. पोराचा काही दोष नव्हता. मी विचारलं, जुन्या खोक्याचा लॉट नंबर काय होता? वडिलांनी पाकिटातून ते टार्गेट काढलं. त्यावर तारीख होती, पोराचं नाव होतं, लाल पेनाने "शाब्बास" लिहिलेलं होतं. नंबर नव्हता. खोकं केव्हाच कचऱ्यात गेलेलं.

माझी सवय साधी आहे. टेस्ट संपली की खोक्याची लॉट नंबर छापलेली बाजू कात्रीने कापतो आणि त्याच टार्गेटला स्टेपल करतो. फोटोबिटो काढत नाही, ते हजार फोटोंत हरवतात. लॉट आवडला तर त्याच दिवशी विक्रेत्याला फोन करून तोच नंबर किती शिल्लक आहे ते विचारतो. "कंपनी तीच आहे ना" असं तो म्हणाला की फोन ठेवतो.

आपल्याकडे लायसन्सचा कोटा आणि आयातीची भानगड, निवडायला लॉट मिळतात कुठे, हे गाऱ्हाणं खरं आहे. तरी घरात दोन लॉट असतील तर दोनांतला बरा कोणता हे तरी माहीत असावं. तो स्पर्धेला, दुसरा सरावाला.

पाच गोळ्या मारून निकाल

हा माझा दुसरा राग. पाच गोळ्यांचा ग्रुप म्हणजे पेटीतला वरचा आंबा हुंगून अख्खी पेटी उचलणं. ग्रुपचं माप फक्त सर्वांत लांबच्या दोन भोकांवर ठरतं, मधल्यांना कोणी विचारत नाही. त्याच रायफलने, त्याच लॉटने पाचाऐवजी दहा मारल्या की ग्रुप सरासरीने जवळजवळ पावपट मोठा होतो. गोळी बिघडली म्हणून नाही, खरं रूप दिसायला लागलं म्हणून.

मी एका लॉटच्या निदान ४० गोळ्या मारतो, दहा-दहाच्या चार ग्रुपमध्ये. आणि सलग नाही. चार लॉट असले तर पहिल्या फेरीत एक-दोन-तीन-चार, दुसऱ्या फेरीत चार-तीन-दोन-एक. नाहीतर सकाळच्या शांत हवेत मारलेला लॉट पास आणि दहानंतरच्या वाऱ्यात मारलेला नापास, असं होतं. परीक्षा गोळीची चालली आहे की हवेची? वारा दाखवणारे झेंडे लावा. सगळे शॉट एकाच झेंड्याच्या स्थितीत सोडा, तोवर थांबा. थांबायला कोणी तयार नसतं, हीच तर अडचण आहे. सिंगल लोड रायफल घेऊनसुद्धा पोरं मशीनगनसारखी घाई करतात.

किती लहान ग्रुप हवा? ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मि.मी. व्यासाचं आणि गोळी ५.६ मि.मी. जाडीची. रेषेला शिवली तरी दहा, म्हणून गोळ्यांचे मध्य १६ मि.मी.च्या वर्तुळात बसले तर कागदोपत्री सगळे दहा. पण ते ग्रुप टार्गेटच्या बरोबर मध्यावर असेल तर, आणि तुम्ही स्वतः जराही हलत नसाल तर. तुमच्या हाताची चूक वरून धरायची असते. शिवाय गुण दशांशात मोजले जातात तिथे ०.८ मि.मी. सरकलं की एक दशांश गेला.

याच ०.८ मि.मी.चा वेगाशी संबंध आहे. गोळीचा वेग साधारण ३२५ मीटर प्रति सेकंद. त्यात १ मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर गोळी अंदाजे ०.८ मि.मी. वर-खाली होते. लॉटमध्ये १० मीटरचा फरक असेल तर एक अख्खी रिंग गेली. पण म्हणून नुसतं क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) घेऊन बसू नका. गोळी सुटताना नळी थरथरते. हळू गोळी ती थरथर वर येत असताना बाहेर पडली तर पडझड थोडी भरून निघते. म्हणून मित्राच्या रायफलला गोड लागलेला लॉट तुमच्या रायफलला कडू. आकडा बघा, पण निकाल कागदावरूनच लावा.

पहिल्या गोळ्या मोजणं

प्रत्येक कंपनी गोळीला वेगळं वंगण लावते. कुठे मेणकट, कुठे तेलकट. गोळी बदलली की बॅरलमध्ये आधीच्याचा थर असतो, नव्याचा बसायला वेळ लागतो. बॅरल पुसल्यावरही तेच. माझा नियम: ब्रँड बदलला की पहिल्या १५-२० मातीच्या बांधात घालायच्या, त्यांच्याकडे बघायचंही नाही. यावर "सर, गोळ्या वाया जातात" असं ऐकू येतं. बाबा रे, तू चार ब्रँडच्या पाच-पाच मारतोस तेव्हा त्या वीसच्या वीस वाया जातात.

बाकीच्या, झटपट

ग्रुप दोन गठ्ठ्यांत पडतोय? गोळी सोडा, आधी स्टॉकचे स्क्रू टॉर्क पान्याने तपासा, मग साइट किंवा स्कोपचा माउंट. हाताने बघून "घट्ट आहे" म्हणू नका.

स्कोप लावून तपासत असाल तर ५० मीटरवर पॅरॅलॅक्स नीट जुळवा. डोकं हलवल्यावर काटा टार्गेटवर हलायला नको.

मे महिन्यात खोकं उन्हात उघडं ठेवू नका. गोळी तापते, वंगण पातळ होतं. सावलीत, झाकून.

हाय व्हेलॉसिटी गोळी टार्गेट रायफलला नको. ती आवाजाच्या वेगापेक्षा जोरात सुटते आणि ५० मीटरपर्यंत पोचेतो त्या वेगाच्या आसपास येऊन डळमळते.

कागदातलं भोक गोळीपेक्षा बारीक दिसतं. बाहेरच्या कडांतून माप घेऊन त्यातून ५.६ वजा केले की ग्रुप उगाच लहान दिसतो आणि आपण खूश होतो. मध्यापासून मध्यापर्यंत मोजा.

काडतूस वाजलं नाही तर बोल्ट लगेच उघडू नका. नळी टार्गेटकडेच, ३० सेकंद, मग बोल्ट. टेस्टच्या घाईत हे विसरणाऱ्याला मी त्या दिवशी लेनवरून उठवतो.

काडतुसं काट्यावर तोलून, रिमची जाडी मोजून वेगळी करणारेही आहेत. करा, वेळ असेल तर. वाईट लॉट त्याने चांगला होत नाही.

नापास लॉट फेकू नका, स्टँडिंगच्या सरावाला तो पुरतो. फक्त त्या खोक्यांवर जाड मार्करने फुली मारा आणि स्पर्धेच्या बॅगेत ती कधीच ठेवू नका.