टर्मिनलमध्ये टाइप होईना? नवा कीबोर्ड घेण्याआधी हे बघा

लातूरच्या आमच्या लॅबमध्ये लिनक्स शिकून गेलेली पोरं औसा, निलंगा, उदगीरहून फोन करतात, "सर, टर्मिनल अडकलं, बटणंच चालंनात." टर्मिनल म्हणजे संगणकाला लेखी हुकूम, म्हणजे कमांड, द्यायची खिडकी. फोनवर कमांड एकेक अक्षर सांगावी लागते. इथंही तशीच लिहितो. सगळी अक्षरं स्मॉलमध्ये घ्या.

आधी साधा टेक्स्ट एडिटर उघडून तेच बटण दाबा. तिथं उमटलं तर कीबोर्ड ठणठणीत आहे. पैसे घालवू नका.

सगळ्यात जास्त फोन कंट्रोल-एसपायी येतात. फाईल सेव्ह करायची सवय हाताला असते, टर्मिनलला मात्र तो 'थांब' असा हुकूम वाटतो आणि स्क्रीन गोठते. कंट्रोल-क्यू दाबलं की सुटते. गोठलेलं असताना दाबलेली अक्षरं वाया जात नाहीत, सुटल्यावर ती एकदम आत शिरतात. म्हणून घाबरून वाट्टेल ते टाइप करून एंटर मारू नका, नको ती कमांड चालून जाईल. कंट्रोल-एसचं हे गोठणं बंदच करायचं तर लिहा: एस टी टी वाय, स्पेस, मायनस, आय एक्स ओ एन. ही ओळ होम फोल्डरमधल्या बॅशआरसी (टिंब, बी ए एस एच आर सी) या, टर्मिनल उघडताना आपोआप वाचल्या जाणाऱ्या फाईलीत टाकली की दर वेळी लिहावी लागत नाही.

पासवर्ड टाकताना काहीच दिसत नाही, तो बिघाड नाही. टाइप करा, एंटर द्या.

बॅकस्पेसनं खोडायच्या ऐवजी टोपी (^) आणि प्रश्नचिन्ह, नाहीतर टोपी आणि एच उमटत असेल, तर बटण एक कोड पाठवतंय आणि सिस्टीम दुसऱ्याची वाट बघतेय. टोपी-प्रश्नचिन्हाचा कोड १२७, टोपी-एचचा ८. एस टी टी वाय, स्पेस, इ आर ए एस इ, स्पेस एवढं लिहा, मग कंट्रोल-व्ही, मग बॅकस्पेस, मग एंटर. कंट्रोल-व्हीमुळं पुढचं बटण जसंच्या तसं लिहिलं जातं. कुठलं बटण काय पाठवतं ते तपासायलाही हीच युक्ती वापरा.

बाणाच्या बटणांनी कंस आणि ए-बी उमटले, तर बहुतेक वेळा तुम्ही साध्या एसएच शेलमध्ये आहात. शेल म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम. बी ए एस एच लिहून एंटर द्या.

चुकून फोटो किंवा झिप फाईल कॅट केली, म्हणजे फाईलीतला मजकूर दाखवणाऱ्या कमांडनं उघडली, आणि अक्षरं विचित्र झाली, तर न दिसताही आर इ एस इ टी टाइप करा. एंटर चालत नसेल तर कंट्रोल-जे.

आता मराठीचं. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड लेआउटमध्ये सीच्या बटणावर म आहे, त्यामुळं काही टर्मिनलांत चालू कमांड थांबवणारं कंट्रोल-सी लागूच होत नाही. कमांड थांबवण्याआधी इंग्रजी लेआउटवर या. आणि मराठी अक्षर खोडताना कचरा उरत असेल तर एस टी टी वाय, स्पेस, आय यू टी एफ ८. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. हे सेटिंग बंद असलं की बॅकस्पेस त्यातला एकच बाइट काढतं.

लाईट गेल्यावर येणारे फोन वेगळे. लॅपटॉप बॅटरीवर चालू, राऊटर बंद, आणि एसएसएचनं (दूरच्या संगणकावर लॉगिन करायची सोय) जोडलेला सर्व्हर काहीच ऐकत नाही. तिथं कंट्रोल-सीसुद्धा पोचत नाही. एंटर, मग टिल्डे, म्हणजे एकच्या डावीकडचं बटण शिफ्टसह, मग टिंब. जोडणी तुटेल आणि तुमचा प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड लिहायची जागा, परत येईल. लांबलचक काम असेल तर ते सर्व्हरवर टीमक्समध्येच सुरू करा. जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारा हा प्रोग्रॅम आहे. लाईट आल्यावर पुन्हा लॉगिन करून टीमक्स अटॅच केलं की काम चालूच सापडतं.