दवाखान्यात पेशंटजवळ थांबणार असाल तर इन्फेक्शन पसरू नये म्हणून काय करायचं

मी स्टाफ नर्स आहे, सतरा वर्षं झाली, त्यातली बरीचशी बायकांच्या सर्जरी वॉर्डात गेली. हे लिहितेय ते डॉक्टर-नर्ससाठी नाही, त्यांना ट्रेनिंग असतं. लिहितेय पेशंटच्या उशाशी रात्रंदिवस बसणाऱ्या माणसासाठी. आपल्याकडे पेशंट एकटा ॲडमिट होतच नाही, सोबत कोणीतरी येतंच, आई येते, सून येते, धाकटा भाऊ येतो, आणि मग अंग पुसणं, पॉट देणं, कूस बदलणं, भरवणं अशी अर्धी नर्सिंग तेच करतात. ॲडमिशनच्या वेळी त्यांना केसपेपर कुठे काढायचा, पैसे कुठे भरायचे, औषधं कुठून आणायची सगळं सांगितलं जातं, पण हात कधी धुवायचे हे सांगायचं मात्र राहून जातं.

एक प्रसंग सांगते, माझ्या डोळ्यांसमोरून तो अजून जात नाही. चार नंबर बेडवर एक आजी होत्या, लघवीची पिशवी लावलेली. पाच नंबरला हर्नियाचं ऑपरेशन झालेली बाई, सोबत तिची सून, विशी-बाविशीची, खूप गुणी पोरगी. आजींची लेक खाली औषधं आणायला गेली होती आणि पिशवी भरत आलेली, तर ही सून आपणहून उठली, खाटेखालचा मग घेतला, पिशवी रिकामी केली, मोरीत ओतून आली, मग परत ठेवला. तेवढ्यात तिला सासूच्या पोटावरची पट्टी एका कडेने सुटलेली दिसली, म्हणून तिने तशीच त्याच हाताने ती दाबून बसवली. मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला औषधांचा ट्रे घेऊन उभी, अगं थांब म्हणेपर्यंत झालं सगळं. पाचव्या दिवशी टाक्यातून पू यायला लागला आणि स्वॅबच्या रिपोर्टमध्ये जो जंतू आला तोच आजींच्या लघवीच्या रिपोर्टमध्ये होता. सासूबाईंचा मुक्काम बारा दिवसांनी वाढला. त्या पोरीने काय वाईट केलं? काहीच नाही, शेजारधर्म केला. तिला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि त्या न सांगणाऱ्यांत मी पण होते.

त्या दिवसापासून मी प्रत्येक नातेवाईकाला पहिल्याच दिवशी नळापाशी नेऊन दाखवते. वॉर्डात इन्फेक्शन या खाटेवरून त्या खाटेवर जातं ते बहुतेक वेळा हातावरून जातं, आणि खूपदा ते हात मदत करणाऱ्या माणसाचे असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात आहे की ॲडमिट झालेल्या दर १०० पेशंटपैकी श्रीमंत देशांत साधारण ७ जणांना आणि आपल्यासारख्या देशांत १५ जणांना दवाखान्यातच एखादं तरी नवीन इन्फेक्शन होतं. म्हणजे आलो एका आजारासाठी आणि दुसरं घेऊन बसलो.

हात कसे आणि कधी

साबण-पाण्याने धुताय तर सगळं मिळून ४० ते ६० सेकंद लागतात. सॅनिटायझर लावताय तर २० ते ३० सेकंद, आणि तो आपोआप सुकेपर्यंत चोळायचा, ओढणीला पुसायचा नाही. लोक तळवे तेवढे चोळतात आणि झालं म्हणतात. पण राहून जातं ते अंगठा, नखांची टोकं, बोटांच्या बेचक्या आणि अंगठीच्या खालची जागा. बांगड्या काढा म्हणणार नाही, नुसत्या वर सरकवा आणि मनगटापर्यंत फेस येऊ द्या. नखं मात्र कापूनच या.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते सांगते. हात छान धुतात आणि मग पदराला पुसतात. तो पदर खाटेला लागलेला, जमिनीला लागलेला, त्याच्यानेच मघाशी पेशंटचं तोंड पुसलेलं. नाहीतर मग बेसिनजवळ एकच नॅपकिन टांगलेला असतो, सकाळपासून वॉर्डभराने हात पुसून ओलागच्च झालेला, त्याला पुसतात. धुतलेलं सगळं पाण्यात गेलं की हो. घरून दोन-तीन छोटे सुती रुमाल आणा, आपले आपले, रोज धुवून वाळवायचे, आणि रुमाल नसेल तर हात झटकून हवेवर सुकू द्या. साबणाची वडी पाण्यात भिजत ठेवू नका, खाली भोकं असलेली डबी आणा.

कधी धुवायचे? पेशंटला हात लावायच्या आधी, भरवायच्या किंवा गोळी द्यायच्या आधी, लघवी-संडास-उलटी-रक्त काहीही आवरल्यानंतर, पेशंटची खाट, चादर, टेबल हाताळल्यानंतर, बाहेरून वॉर्डात आल्यावर आणि घरी जाताना. आणि शेजारच्या पेशंटला मदत केलीत तर त्याच्या आधीही आणि नंतरही. मदत जरूर करा, त्याच्याशिवाय आपले वॉर्ड चालणारच नाहीत, फक्त दोन खाटांच्या मध्ये हात स्वच्छ झाले पाहिजेत.

सॅनिटायझर दर वेळी चालत नाही बरं का. हाताला काही लागलेलं दिसतंय किंवा पेशंटला जुलाब होतायत तर साबण-पाणीच, कारण जुलाबाचे काही जंतू सॅनिटायझरला दाद देत नाहीत. आणि ग्लोव्हजचं म्हणाल तर ग्लोव्हज घालून डायपर बदलायचा आणि त्याच ग्लोव्हजने मोबाईल उचलायचा, दार उघडायचं, थर्मास धरायचा असं मी रोज बघते. ग्लोव्हज काम संपलं की लगेच काढायचे आणि काढल्यावरही हात धुवायचे.

यात कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या एका मोठ्या दवाखान्यात बाळंतिणी तापाने पटापट मरत होत्या, कारण शिकलेसवरलेले डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला यायचे. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने त्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू एकदम खाली आले. आणि तरी त्याच्या बरोबरीच्या बऱ्याच डॉक्टरांना ते पटलं नाही.

नळ्या, सुया आणि पट्टी

शरीरात घातलेली प्रत्येक नळी ही जंतूंना आत जायची वाट असते. म्हणून राऊंडला डॉक्टर आले की रोज एक प्रश्न विचाराच, "डॉक्टर, ही नळी अजून लागणार आहे का?" कामाच्या गडबडीत कधीकधी लघवीची नळी गरज संपूनही एक-दोन दिवस राहून जाते, तुमच्या एका प्रश्नाने ती निघते.

सलाईनची सुई जिथे लावलीय ती जागा दिवसातून तीन-चार वेळा बघा. लाल झालीय, सुजलीय, दुखतेय, गरम लागतेय, पट्टी ओली झालीय, यातलं काहीही असलं तरी लगेच सिस्टरला सांगा, सकाळी बघू म्हणू नका. सलाईन संपली म्हणून स्वतः नळी काढू नका, टोपण उघडू नका. इंजेक्शन देताना सिरिंजचं नवीन पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातंय ना तेवढं बघा.

लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. सोनोग्राफीला नेताना व्हीलचेअरवर बसवलं की लोक हमखास ती पिशवी पेशंटच्या मांडीवर ठेवतात, त्यामुळे पिशवीतली जुनी लघवी नळीतून परत वर जाऊ शकते. खुर्चीच्या खालच्या दांडीला अडकवा. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करा, नळीला पीळ पडू देऊ नका, खालचं तोंड मगाला टेकवू नका आणि मग प्रत्येक पेशंटचा वेगळा ठेवा, वर मार्करने बेड नंबर लिहून. हे काम करायच्या आधीही हात धुवायचे, नुसते नंतर नाही.

नाकातून नळीने भरवताय किंवा तोंडाने भरवताय तरी डोक्याकडची बाजू उंच हवी, ३० ते ४५ अंश, आणि भरवून झाल्यावर अर्धा तास तरी तसंच ठेवा, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. तोंड रोज साफ करा, जेवत नसला तरीही.

टाक्यांवरची पट्टी भेटायला आलेल्यांना उघडून दाखवू नका. "बघू गं केवढं कापलंय" असं म्हणणारी मावशी-आत्या प्रत्येक घरात असते, तिला फोटोसुद्धा दाखवायची गरज नाही. हळद, खोबरेल, पावडर काही लावायचं नाही. अंगारा आणलाय तर श्रद्धेने कपाळाला लावा, जखमेला नाही. ऑपरेशनच्या आधी घरून ब्लेडने केस काढून येऊ नका, ब्लेडने कातडीवर बारीक ओरखडे पडतात आणि तिथेच जंतू बसतात, काढायची गरज असेल तर आम्ही दवाखान्यात क्लिपरने काढतो. तुम्ही फक्त साबणाने स्वच्छ अंघोळ घालून आणा.

भेटायला येणारे

सर्दी, खोकला, ताप, जुलाब, डोळे आलेले, कांजिण्या, यातलं काहीही असलेल्या माणसाने यायचं नाही, मग तो कितीही जवळचा असू दे. लहान मुलं शक्यतो नकोत. पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही, स्टूल मागा. पाया पडायचं तर लांबूनच हात जोडा, म्हातारी माणसं समजून घेतात, मी कितीदा तरी समजावलंय आणि कोणी रागावलेलं नाही. व्हिडिओ कॉलसाठी एकच मोबाईल वॉर्डभर फिरवू नका, आणि स्वतःचा मोबाईल रोज सॅनिटायझर लावलेल्या कापसाने पुसा.

पेशंटला टीबी असेल किंवा तसा संशय असेल तर गोष्ट वेगळी, कारण टीबी हातावरून नाही, हवेतून पसरतो. इथे खिडकी हेच औषध समजा. थंडीत नातेवाईक सगळ्या खिडक्या लावून घेतात, पेशंटला वारं लागेल म्हणून. त्याच्या अंगावर दोन चादरी घाला, कानटोपी घाला, पण खिडकी उघडी ठेवा, समोरासमोरच्या असतील तर दोन्ही. पेशंटने साधा सर्जिकल मास्क लावायचा आणि जवळ थांबणाऱ्याने एन ९५, नाकावर नीट दाबून. बेडका झाकणाच्या डब्यात.

कचरा

वॉर्डातल्या रंगीत डब्यांचा नियम २०१६ पासून सगळीकडे एकच आहे. रक्त-पू लागलेला कापूस आणि बँडेज पिवळ्यात, नळ्या, ग्लोव्हज, लघवीची पिशवी अशी प्लॅस्टिकची वस्तू लालमध्ये, सुया-ब्लेड पांढऱ्या कडक डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. डब्यातलं उष्टं, केळ्याची सालं यातल्या कशातच टाकू नका, साध्या कचऱ्याचा डबा वेगळा असतो. जमिनीवर सुई पडलेली दिसली तर उचलू नका, सिस्टरला बोलवा. आमच्या वॉर्डातल्या मावशींना साध्या कचऱ्याची पिशवी उचलताना आत टाकलेली सुई टोचली होती, त्यानंतरचे महिने रक्ताचे रिपोर्ट येईपर्यंत त्या नीट जेवत नव्हत्या, घरी सांगायची पण चोरी.

तुम्हाला कधी टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, दाबून रक्त काढू नका, चोखू तर अजिबात नका, आणि ताबडतोब ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगा. एचआयव्हीची भीती असेल तर औषध जितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत, आणि ७२ तासांनंतर उपयोग नाही. कावीळ बी ची लस घेतली नसेल तर तेही तेव्हाच विचारा.

आम्हाला विचारा

"सिस्टर, हात धुतलेत का?" हे विचारायला लोक घाबरतात, नंतर आपल्या पेशंटकडे नीट बघणार नाहीत असं वाटतं त्यांना. मी माझ्यापुरतं सांगते, मला कोणी विचारलं की मी त्यांच्यासमोर परत लावते आणि मला बरंच वाटतं, एका ड्युटीला तीस-तीस पेशंट असतात, माणूस विसरतो. थेट बोलायला जड जात असेल तर सॅनिटायझरची बाटली पुढे करा आणि "सिस्टर, घ्या ना" म्हणा, समजायचं ते समजतं.

डिस्चार्ज मिळाला की दवाखान्यातले कपडे-चादरी घरच्या कपड्यांत मिसळू नका, वेगळ्या गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा. थर्मास, मग, ताटली साबणाने घासा. आणि जखमेवर लक्ष महिनाभर ठेवा, ३० दिवस तरी, आत रॉड किंवा जाळी बसवली असेल तर तीन महिने, कारण ऑपरेशनचं इन्फेक्शन घरी गेल्यावरही डोकं वर काढतं. ताप आला, टाके लाल झाले, पाणी किंवा पू यायला लागला, वास आला, ठणका वाढला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, घरातली जुनी अँटिबायोटिकची पट्टी उघडू नका, डिस्चार्ज कार्ड घेऊन त्याच दिवशी या आणि ओपीडीच्या रांगेत बसून न राहता आधी ड्रेसिंग रूममधल्या सिस्टरला गाठा.