नातेवृक्ष काढताना ‘मामा’ नीट तपासा
माहिती सांगणाऱ्या व्यक्तीपासून सुरुवात करा. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह (=), मृतावर तिरकी रेघ. आधी नावं विचारा, नाती मागून.

खरी गफलत ‘मामा’पाशी होते. पुष्कळ मराठी घरांत सून सासऱ्यांना मामंजी आणि सासूबाईंना आत्याबाई म्हणते, लग्न नात्यातलं नसलं तरी. म्हणून ‘हे तुमच्या आईचे सख्खे भाऊ का?’ असं विचाराच. मामेबहीणच बायको असेल तर तिला दोनदा काढू नका. एकाच वर्तुळाला जन्माची आणि लग्नाची, दोन्ही रेघा जोडा. रेघा एकमेकींना छेदल्या तरी चालेल.

सासरी गेलेल्या लेकी आणि तान्हेपणी गेलेली मुलं हटकून सुटतात. घरातल्या बायकांना वेगळं विचारा. जोडपं लग्नानंतर कुठे राहिलं आणि आज कुठे राहतं, याचे रकाने वेगळे ठेवा, नाहीतर घरजावई निसटतो.